चार बोटं उंच सीट

माकडहाड दुखतं, असं लवंगीने नवऱ्याला चक्क खोटं सांगितलं, आणि ते तिच्या चांगलंच अंगाशी आलं.

लवंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लग्न होऊन आली तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या ती जेमतेम खांद्याला लागायची आणि बोलायला तिखट होती, म्हणून थोरल्या दिराने ते नाव ठेवलं. आता पन्नाशी उलटली, लेकीचं लग्न होऊन ती डोंगरापलीकडच्या शहरात राहायला गेली, तरी नाव काही सुटलं नाही. लवंगी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवायची, दांड्या गरम करून कानामागे वाकवायच्या, "आता खाली बघा, आता माझ्याकडे बघा" म्हणायचं, हे तिचं काम. नवरा लिफ्टचा मेकॅनिक. उंचापुरा, रुंद खांद्यांचा आणि मोजकं बोलणारा. त्याची मोटरसायकलही त्याच्याच जातकुळीतली, मोठी, जुनी आणि कधी न कुरकुरणारी.

त्याच्यामागे बसलं की लवंगीला पुढचं काही म्हणजे काही दिसायचं नाही. दिसायची ती त्याची पाठ आणि वर हेल्मेटची मागची कडा. इतकी वर्षं तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. तो चालवतोय ना, मग झालं.

गेल्या काही महिन्यांत मात्र तिला मागे बसायची भीती वाटू लागली होती. सुरुवात झाली ती एका सिग्नलला. दिवा हिरवा झाला, शेजारच्या गाड्या निघून गेल्या, मागचे हॉर्न वाजवून वाजवून दमले, आणि हा आपला जागच्या जागी. तिने पाठीवर थाप मारली. थोडा वेळ काहीच नाही. मग "अं? हो, हो," म्हणत त्याने गाडी सोडली. कामाच्या विचारात असेल, असं म्हणून तिने ते सोडून दिलं. पुढे एकदा ती त्याला लेकीच्या नव्या घराबद्दल रंगवून सांगत होती, आणि तो स्वतःच्याच गल्लीचं वळण सोडून सरळ पुढे निघून गेला. "अहो, घर मागे राहिलं," म्हणून ती हसली. उत्तर आलं नाही. गाडी पुढच्या चौकापर्यंत तशीच, एकाच वेगात, रुळांवरून चालल्यासारखी गेली. तिथे त्याने एकदम वेग कमी केला आणि विचारलं, "आपण इकडे कशाला आलो?"

लवंगीचं हसू ओठांवरच वाळलं.

तिला सासूबाई आठवल्या. त्यांचंही असंच सुरू झालं होतं. आधी गॅसवरचं दूध विसरल्या, मग घराची वाट, आणि शेवटी पोटच्या पोराला "तुम्ही कोणाकडे आलात?" असं विचारायला लागल्या. तो मुकाट्याने त्यांना चमच्याने भरवायचा, तोंड पुसायचा आणि मग बाल्कनीत जाऊन बराच वेळ पाठमोरा उभा राहायचा. एकदा तिथूनच, मागे वळून न बघता म्हणाला होता, "माझं असं झालं तर मला कळू देऊ नकोस, लवंगे."

म्हणून ती त्याला काही बोलली नाही. लेकीला बोलली नाही, दुकानातल्या मैत्रिणीलाही नाही. बोललं की खरं होईल, असं तिला वाटत होतं. दिवसभर तो लिफ्टच्या डोक्यावर उभा राहून वायरी तपासतो, खाली काळोखी पोकळी, हे डोळ्यांपुढे आलं की तिच्या हातातलं काम थांबायचं. तो घरी आला की जिवात जीव यायचा. आणि "चल, जरा चक्कर मारून येऊ," म्हणाला की पुन्हा तीच भीती.

अशातच त्याने ठरवलं की लेकीकडे मोटरसायकलनेच जायचं. डोंगररस्ता, एका बाजूला दरी, पण हवा झकास. "बसने जाऊ ना," लवंगी म्हणाली. "बसमध्ये तुला मळमळतं," तो म्हणाला, आणि ते खरं होतं. तेव्हा काहीतरी सबब हवी म्हणून तिच्या तोंडून निघून गेलं, "मला नाही जमायचं इतकं बसायला. माकडहाड दुखतं. तुमच्या गाडीची सीट म्हणजे नुसती फळी आहे."

तिला वाटलं, विषय मिटला. त्याने चहाचा कप खाली ठेवला, गंभीरपणे विचार केला आणि म्हणाला, "मग सीटच बदलू."

इतक्या वर्षांच्या संसारात बायकोने स्वतःसाठी म्हणून काही मागितलं, असं त्याला बहुधा वाटलं असावं. तो हात धुऊन सीटच्या मागे लागला. आधी जेलची गादी आली. वरून लावायची, खाली पट्टे ओढायचे. ती सकाळी बर्फासारखी गार असायची आणि ब्रेक मारला की लवंगीसकट पुढे सरकायची. मग हवा भरायची गादी आली, फुग्याफुग्यांची. तिच्यावर बसून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाताना लवंगीला होडीत बसल्यासारखं वाटलं. "कसं काय?" त्याने आशेने विचारलं. "दुखतंय अजून," ती म्हणाली. काय म्हणणार? बरं वाटतं म्हणावं तर डोंगररस्ता समोर उभा. दुखतं म्हणावं तर हा आणखी एक गादी आणणार. दोन्हीकडून ती कोंडीत सापडली होती. शेवटी एक तयार सीट आली, देखणी, दुहेरी शिलाईची. तिचा उतारच असा होता की लवंगी घसरून त्याच्या पाठीला चिकटायची. ती त्याने दुकानदाराला परत केली आणि म्हणाला, "तयार कपडे अंगाला बसत नाहीत, तसंच हे. मापाने शिवून घ्यायला हवी."

असे ते एका सुट्टीच्या दिवशी सकाळी गाड्यांच्या सीटा शिवून देणाऱ्या सीटमास्तरांच्या कारखान्यात पोचले.

कारखाना म्हणजे गाळाच होता, लांबट आणि खोल. भिंतीवर जुन्या सीटा खुंट्यांना टांगलेल्या, कोपऱ्यात रेक्झिनची गुंडाळी, टेबलावर फोमचे ठोकळे रचलेले, पिवळे, करडे, निळे. सगळीकडे चिकटवायच्या सोल्यूशनचा वास. सीटमास्तर जाडजूड गृहस्थ, गळ्यात शिंप्याचा टेप. ते गिऱ्हाइकाकडे चेहऱ्याच्या आधी कंबरेखाली बघायचे आणि त्याबद्दल लगेच माफीही मागायचे.

"माफ करा ताई, धंद्याची सवय. दुखतं नेमकं कुठे?"

"माकडहाडाला," लवंगी म्हणाली.

"बसल्या बसल्या, की उठताना?"

लवंगीने नवऱ्याकडे पाहिलं. "दोन्ही," ती म्हणाली.

"धक्का बसला की दुखतं, का एरवीही?"

"एरवीही."

सीटमास्तरांनी भुवया वर केल्या. "मग माझ्याकडे कशाला आलात, डॉक्टरकडे जा," ते म्हणाले आणि स्वतःच हसले. लवंगीला हसू आलं नाही. डॉक्टर शब्द ऐकून तिने नवऱ्याकडे बघायचं टाळलं.

त्यांनी जुनी सीट काढली, उलटी केली, रेक्झिनच्या पिना पकडीने उपटल्या आणि आतला फोम बाहेर काढला. तो मधोमध चेपून काळा पडला होता. मास्तरांनी तीन-चार फोम तिच्या पुढ्यात टाकले आणि अंगठा दाबून बघायला सांगितलं. लवंगीने सगळ्यात मऊ तुकडा उचलला.

"सगळे हाच उचलतात," मास्तर म्हणाले. "पहिल्या वळणापर्यंत छान. पुढे हा बसून जातो आणि तुम्ही थेट खालच्या पत्र्यावर. खाली टणक घालू, वर बोटभर मऊ. आणि तुम्हाला जरा उंच करू. मागे पाठीला टेकायला गादी, कंबरेला पट्टा. माणसाला पुढचं दिसत नाही ना ताई, म्हणून तो अंग आखडून बसतो. आखडलं की दुखतं."

"किती उंच?" नवऱ्याने विचारलं.

मास्तरांनी पंजा आडवा धरला. "चार बोटं. साहेब, तुम्ही जरा गाडीवर बसा बघू. हँडल धरा. पाय टेकवा. गुडघा किती वाकतो तुमचा?"

तो बसला. मास्तर खाली वाकून टेप लावत होते. "क्लच दाबा," ते म्हणाले. मग पुन्हा, "साहेब, क्लच." लवंगी मागे उभी होती. तिला त्याची पाठ दिसत होती, हँडलवर घट्ट धरलेले हात दिसत होते. गाळ्यातला पंखा कुरकुरत फिरत होता. "साहेब?" मास्तरांनी वर पाहिलं.

"हो. काय म्हणालात?"

"कानाने कमी येतं का साहेबांना?" मास्तरांनी लवंगीला हळूच विचारलं.

"कधीकधी," ती म्हणाली. पुढे होऊन त्याचा चेहरा बघावा असं तिला वाटलं, पण पाय उचलेना. न बघितलं तर अजून काही झालेलं नाही, असाच काहीसा हिशेब ती मनात करत होती.

मास्तरांनी फोम विजेच्या सुरीने तासला, घासला, सोल्यूशन लावून थर चिकटवले. मध्येच तिला वर बसवायचे, खडूने खुणा करायचे, पुन्हा उतरवून तासायचे. नवरा बाजूला स्टुलावर बसून कौतुकाने बघत होता. "मऊ नको, टणकच घ्या. तिला लांब जायचंय," असं तो मास्तरांना दोनदा म्हणाला. लवंगीला रडू फुटेल की काय असं झालं. हा माणूस तिच्या खोट्या दुखण्यावर इलाज शोधतोय, आणि त्याच्या खऱ्या दुखण्याबद्दल ती मूग गिळून गप्प.

दुपार कलताना सीट तयार झाली. पुढची खाच सांगाड्यात अडकवली, मागचे दोन बोल्ट आवळले, टेकायच्या गादीचा लोखंडी दांडा बसवला, आणि मास्तरांनी वरून तळहाताने थाप मारली. कट्‌ आवाज करून सीट बसली. नवराही आता जरासा उंच बसत होता, म्हणून मास्तरांनी दोन्ही आरसे सैल करून फिरवले आणि पुन्हा आवळले. "धरणाच्या रस्त्याने एक चक्कर मारून या. कुठे टोचलं तर परत तासून देतो. पट्टा लावा ताई."

लवंगीला पट्टा लावायचा धीर झाला नाही. पडलो तर गाडीला बांधलेले राहू, असं तिच्या मनात आलं. "नंतर लावते," ती म्हणाली.

गाव संपलं आणि रस्ता मोकळा झाला. दोन्ही बाजूंना झाडं, मधूनच कापलेल्या गवताची शेतं. आणि तिच्या लक्षात आलं की सगळं दिसतंय. त्याच्या खांद्यावरून पुढचा रस्ता दिसत होता, गाडीचा काटा दिसत होता, त्याचे हात दिसत होते. आणि उजव्या आरशात त्याचा चेहरा दिसत होता. हेल्मेटची काच वर होती. तिने त्याला गाडी चालवताना समोरून असं कधी पाहिलंच नव्हतं. त्यानेही तिला आरशात पाहिलं.

"कसं आहे?" तो ओरडून म्हणाला.

"छान आहे," ती ओरडली, आणि ते खरं होतं. त्याने आरशातून एक डोळा मिचकावला. या वयात. लवंगीला चक्क लाजल्यासारखं झालं आणि क्षणभर ती भीती विसरली. पाठ मागच्या गादीला टेकली.

मग तिने पुन्हा आरशात पाहिलं.

चेहरा तोच होता. डोळेही उघडे होते. पण लवंगीने आयुष्यभर वीतभर अंतरावरून लोकांचे डोळे बघितले होते, आणि या डोळ्यांत बघणारं कोणी नव्हतं. ओठ हलत होते. तोंडात काही नसताना तो सावकाश चावत होता, ओठ चाटत होता.

"अहो," ती म्हणाली.

मग मोठ्याने, "अहो, ऐकताय ना?"

काही नाही. गाडी सरळ चालली होती, एकाच वेगात. हात मुठींवर जसेच्या तसे. समोर रस्ता वळत होता, आणि वळणाच्या अलीकडे कडेला एक ट्रक उभा होता. मागून लांब लोखंडी पाइप बाहेर आलेले, टोकाला लाल फडकं बांधलेलं. गाडीचं तोंड थेट त्या फडक्याकडे होतं.

लवंगीने ओरडावं म्हटलं तर आवाज निघेना. नंतर ती सगळ्यांना सांगायची की मला काही सुचलंच नाही, जे केलं ते हातांनी केलं. ती त्याच्या पाठीवर अंग टाकून पुढे झेपावली आणि त्याच्या खांद्यावरून उजवा हात लांबवला. मुठीजवळ लाल बटण असतं, ते दाबलं की इंजिन बंद पडतं, हे त्याने लेकीला गाडी शिकवताना दहादा सांगितलेलं तिने दारात उभं राहून ऐकलं होतं. बोट पोचत नव्हतं. ती सीटवरून उठली, फूटरेस्टवर उभी राहिली आणि बटण दाबलं.

इंजिनचा आवाज एकदम तुटला. गाडीला मागून कोणी धरल्यासारखा हिसका बसला, पण ती थांबली नाही. फडकं मोठं होत होतं. लवंगीने त्याच्या कंबरेला मिठी मारली आणि सगळं अंग ट्रकच्या विरुद्ध बाजूला टाकलं. पाइपाची टोकं कानाजवळून गेली. गाडी रस्ता ओलांडून पलीकडे उतरली, गवताच्या शेतात घसरत गेली, डगमगली आणि आडवी झाली.

ती पडली तेव्हा मनगटातून कटकन आवाज आला. दुखलं नाही, नुसताच आवाज आला. ती गुडघ्यांवर रांगत त्याच्याकडे गेली. तो उठून बसला होता. शर्टाचं वरचं बटण बोटांनी चाचपत होता, काढत होता, लावत होता.

"अहो," ती म्हणाली, "अहो, मी आहे."

त्याने तिच्याकडे पाहिलं. अगदी सभ्यपणे, रस्त्यात भेटलेल्या परक्या बाईकडे बघावं तसं.

"बाई, तुम्हाला लागलं का?" त्याने विचारलं. "तुमच्याकडच्या कोणाला बोलावू का?"

एवढी भीती लवंगीला पाइप कानाजवळून गेले तेव्हाही वाटली नव्हती. ट्रकचा ड्रायव्हर धावत येत होता, काहीतरी विचारत होता, पण तिला ते कुठल्यातरी लांबच्या खोलीतून आल्यासारखं वाटत होतं. ती नवऱ्याचा हात धरून त्या गवतात बसून राहिली. सासूबाईंची बाल्कनी, चमचा, ते तोंड पुसणं, सगळं तिच्यासमोर उभं राहिलं. आता यापुढे असंच, ती मनात म्हणाली. आता हे मला बाईच म्हणणार.

मग त्याने दोनदा डोळे मिटले, उघडले. भोवती बघितलं. कपाळाला आठी पडली.

"लवंगे," तो म्हणाला, "गाडी का आडवी पाडलीस?"

ती हसत होती की रडत होती, हे ट्रकच्या ड्रायव्हरला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यानेच दोघांना केबिनमध्ये बसवून दवाखान्यात नेलं.

तिथे तिच्या मनगटाला प्लास्टर घातलं आणि त्याच्या कोपराला पट्टी. तपासायला आलेली डॉक्टर लेकीच्याच वयाची होती. "काय झालं होतं?" तिने त्याला विचारलं.

"खड्डा चुकवत होतो," तो म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. मधलं काही आठवत नाही म्हटल्यावर त्याने स्वतःशी जुळवून काढलेलं उत्तर होतं ते.

डॉक्टरने मान हलवली आणि लिहू लागली. लवंगी पलीकडच्या खुर्चीवर बसली होती. गप्प राहिली असती तर दोघं तासाभरात घरी गेली असती. गाडी दुरुस्त झाली असती, आणि तो दुसऱ्या दिवशी लिफ्टच्या डोक्यावर उभा राहिला असता. बोलायचं म्हणजे त्याच्यासमोर बोलायचं, आणि त्याने तर सांगून ठेवलेलं होतं. 

"खड्डा नव्हता," ती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. सिग्नल, सुटलेलं वळण, कारखान्यातला क्लच, आरशातला चेहरा, शर्टाचं बटण. डोळे खाली घालून, भराभर, मध्ये थांबलं तर पुन्हा सुरू करता येणार नाही अशा घाईने. "मला वाटलं, यांच्या आईसारखंच आहे. म्हणून मी बोलले नाही. गाडीवर बसायला नको म्हणून दुखण्याचं सोंग केलं."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. मग नवऱ्याने विचारलं, "म्हणजे माकडहाड दुखत नव्हतं?"

"नाही."

"कधीच?"

"नाही हो."

तो भिंतीकडे बघत बसला. डॉक्टरने हसू दाबल्याचं लवंगीने पाहिलं आणि तिला त्या मुलीचा राग आला, आणि बरंही वाटलं. मरणाच्या दुखण्यावर डॉक्टर हसत नाहीत.

दोन दिवस तपासण्या झाल्या. डोक्याला वायरी लावल्या, यंत्रात झोपवलं. निकाल सांगायला डॉक्टरने दोघांना शेजारीशेजारी बसवलं. "ही फिट आहे," ती म्हणाली. "माणूस जमिनीवर पडून हातपाय झाडतो, तेवढीच फिट नसते. मेंदूच्या एका कोपऱ्यात ठिणगी पडते आणि माणूस थोडा वेळ हरवतो. तुमच्या आईंना होतं ते हे नव्हे. याला गोळ्या आहेत. पण गाडी बंद, आणि उंचावरचं काम बंद. किती दिवस, ते मी आज सांगणार नाही."

घरी परत येताना बसमध्ये तो डॉक्टरचा कागद पुन्हा पुन्हा वाचत होता. घरी आल्यावर लवंगी एका हाताने चहा करत होती, तिथे येऊन दारात उभा राहिला.

"मला कळू देऊ नकोस म्हणालो होतो, ते तू ऐकलंस," तो म्हणाला. "बाकी कधी ऐकतेस का माझं?"

"नाही."

"मग तेच कशाला ऐकलंस?"

त्याने कप तिच्या हातातून घेतला आणि चहा स्वतःच ओतला.

पुढचे महिने सोपे गेले नाहीत. त्याला कंपनीने तक्रारींच्या फोनवर बसवलं. दिवसभर खुर्चीत बसून दुसऱ्यांना वरचं काम सांगायचं म्हणजे त्याला कैद वाटायची. गोळ्यांनी झोप यायची. सुरुवातीला स्वयंपाकघरात एकदा पुन्हा तसं झालं, हातात पाण्याचा तांब्या असताना. लवंगीने तो हातातून काढून घेतला आणि त्याच्या दंडाला धरून उभी राहिली, डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे घड्याळाकडे बघत. डॉक्टरने गोळी वाढवली. त्यानंतर मात्र झालं नाही. तरी लवंगी जेवताना त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. "अशी बघू नकोस, घास उतरत नाही," असं तो वैतागून म्हणायचा. मग ती ताटाकडे बघायची आणि कान त्याच्याकडे लावायची.

शेतातून आणून दुरुस्त केलेली गाडी जिन्याखाली झाकून ठेवली होती. सुट्टीच्या दिवशी तो कापड काढायचा, पुसायचा आणि पुन्हा झाकायचा. विकू या, असं लेक फोनवर म्हणाली. लवंगीने ते त्याला सांगितलं नाही. प्लास्टर निघाल्यावर तिने स्वतःशीच काहीतरी ठरवलं, शेजाऱ्याला विनवून गाडी कारखान्यात न्यायला लावली आणि मास्तरांपुढे उभी राहिली.

"पुढची सीट खाली करा," ती म्हणाली. "माझे पाय टेकतील इतकी."

मास्तरांनी तिच्याकडे, मग गाडीकडे, मग पुन्हा तिच्या पायांकडे पाहिलं. "ताई, एवढ्या मोठ्या गाडीला एवढ्याशा तुम्ही? स्कूटर घ्या की सुटसुटीत."

"हीच चालवायची आहे."

त्यांनी पुढचा फोम जवळजवळ पत्र्यापर्यंत कापला, कडा आत घेतल्या म्हणजे मांड्या फाकणार नाहीत. तरी लवंगीचे चवडेच टेकले. "याच्या खाली लोखंड आहे," मास्तर म्हणाले. "यापुढे मी काही करू शकत नाही. जाड तळाचे बूट घाला." मागचा भाग तिने तसाच ठेवायला सांगितला.

शिकवणारा नवराच होता. मोकळ्या मैदानावर तो कडेला उभा राहून सूचना द्यायचा आणि ती घामाघूम व्हायची. गाडी तिने पाडली, एकदा नव्हे. दर वेळी तो पळत यायचा आणि आधी गाडी उचलायची की तिला, या विचारात मध्येच थांबायचा. तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत भीती वाटली. लायसन्स मिळालं तेव्हाही वाटत होती, आणि ते खिशात असतानाही.

डॉक्टरने बऱ्याच महिन्यांनी, फार खूश न होता, मागे बसायला परवानगी दिली. पट्टा लावून आणि हळू. पण आता लवंगीपुढे नवीच अडचण आली. तो मागे बसला की त्याचा चेहरा तिला दिसेना. आरसा कसाही फिरवला तरी त्याची छातीच दिसायची. मग दोघांनी बसून एक तोड काढली. त्याने रस्ताभर बोलत राहायचं. काहीही. बोलणं थांबलं की ती गाडी बाजूला घेणार.

आयुष्यभर मोजकं बोललेला माणूस. पहिल्या दिवशी तो रस्त्यावरच्या पाट्या वाचत होता. मग लिफ्टांबद्दल सांगू लागला. कुठल्या इमारतीत दार अडकायचं, कुठे एक म्हातारे गृहस्थ रोज उगाच वरखाली करायचे, कुठे एकदा आतून गाण्याचा आवाज आला आणि दार उघडलं तर आत कोणीच नव्हतं. लवंगीने यातलं काही कधी ऐकलं नव्हतं. ऐकता ऐकता तिचे खांदे सैल पडायचे, आणि मग एखादा ट्रक दिसला की पुन्हा कानापर्यंत चढायचे.

एके दिवशी ते धरणाच्या रस्त्याला लागले होते. तो सांगत होता की पहिल्या नोकरीत साहेबांनी त्याला अख्खी दुपार चुकीच्या इमारतीत काम करायला लावलं होतं. वाक्य अर्धं झालं आणि आवाज थांबला.

लवंगी वाट बघत राहिली. वारा, इंजिन, बाकी काही नाही.

"अहो," ती म्हणाली.

काही नाही.

तिने इंडिकेटर लावला, दोन्ही ब्रेक हळूहळू दाबले, गाडी कडेला घेतली, चवडे टेकले. गाडी सांभाळत तिने मान वळवली.

तो पाण्याकडे बघत होता. डोळ्यांत तो होता, पूर्ण होता.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"तुम्ही थांबलात."

"विचार करत होतो. त्या साहेबांचं आडनाव आठवेना."

लवंगीने हेल्मेटची काच वर केली आणि तोंडावरून हात फिरवला. 

"विचार करायचा तर मोठ्याने करा," ती शेवटी म्हणाली आणि तिने गाडी पुन्हा सुरू केली.